फाटलेलं दाखवा, ठिकाण नको

मंदाबाईंनी हेमालीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते दांडी गावच्या शाळेच्या मैदानात. व्हॉलीबॉलचं जाळं मधोमध फाटलं होतं आणि सहावीतली ही काटकुळी मुलगी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते विणत बसली होती. गाठी नीट आल्या का, असं बाईंनी विचारलं. "दोन चुकल्यात बाई, सोडून परत घालते," ती म्हणाली. आपली चूक अशी सरळ सांगणारी मुलं बाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

पुढे हेमाली बोईसरला कारखान्यात लागली, पण जाळं विणायची सुई तिने सोडली नाही. मासेमारीची जाळी दुरुस्त करणाऱ्यांचा एक गट ती एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर चालवायची. एक दिवस कंपनीने कारण न सांगता गट बंद केला. तीन वर्षांचे फोटो गेले. मग तिने इंटरनेटवरच दुसरी वाट शोधली. बाईंना तिने समजावलं ते असं: इथे सगळ्यांचा मिळून एक मालक नाही. छोट्या छोट्या वाड्या आहेत, ज्या त्या वाडीचे नियम वेगळे, तरी एका वाडीतलं बोलणं दुसऱ्या वाडीत पोचतं. महिनाभर ती नुसती शोधत, वाचत राहिली. केरळातला एक जाळंवाला सापडला, पोर्तुगालची एक बाई सापडली. मग तिने स्वतःची वाडी उभी केली.

वाडीला जाणता माणूस हवा होता. जाळं विणण्यात कमलाकांत तांडेलांचा हात धरणारं किनाऱ्यावर कुणी नव्हतं. दोन महिने मागे लागल्यावर ते तयार झाले. ते बोलायचे, हेमाली लिहायची.

चूक तिथेच झाली. जाळं कशाने फाटलं हे कळल्याशिवाय दुरुस्ती सांगता येत नाही, म्हणून तिने विचारलं आणि तांडेलांनी सांगितलं ते सगळं उतरवलं. खडक कोणता, किनाऱ्यावरचं कोणतं झाड कोणत्या टेकडीच्या रेषेत आलं की तो लागतो, तेही. मासळीच्या जागेची ही गुप्त खूण तांडेलांना त्यांच्या बापाने दिलेली. आठवड्याच्या आत त्या खडकाशी पाच परक्या होड्या उभ्या राहिल्या.

तांडेलांनी ठरवलं की खूण ललितने फोडली. वीस वर्षं त्यांच्या होडीवर खलाशी असलेल्या ललितला त्यांनी घरी बसवलं.

हेमालीने लिहिलेलं पुसलं, पण त्याच्या प्रती इतर वाड्यांत पोचल्या होत्या. अकरा वाड्यांच्या चालकांना तिने एकेक पत्र लिहिलं. नऊ जणांनी पुसलं, दोघांचं उत्तर आलं नाही. तिच्यावर कुणाचाच संशय नव्हता. बोलली तर तांडेल वाडी सोडून जाणार, त्यांच्यामागून बाकीचेही जाणार, हे तिला दिसत होतं. हे सगळं तिने बाईंना सांगितलं. बाईंनी सल्ला दिला नाही.

रविवारी सकाळी बाई मासळी घ्यायला बंदरावर गेल्या, तेव्हा हेमाली जाळी विणणाऱ्या माणसांच्या घोळक्यात उभी होती.

"काका, खूण ललितदादाने नाय फोडली. मी वाडीवर लिहिली. नऊ ठिकाणची पुसली, दोन ठिकाणी अजून हाय."

तांडेलांची सुई चालूच राहिली.

"एवढी शिकलीस," ते म्हणाले, "आनि घरातली गोष्ट जगाला सांगून आलीस. आमच्या बाया बाजारात बसून पन एवढं बोलत नाय."

घोळक्यातली माणसं हसली. हेमाली हसली नाही.

"ललितच्या घरी मी सोता जातो," तांडेल म्हणाले. मग मांडीवरचं जाळं त्यांनी तिच्यापुढे पसरलं. "काड फोटो. फाटलंय तेवढंच काड. मागचा किनारा नको."

पापलेटवालीने भाव सांगितला, तो बाईंना ऐकूच गेला नाही. ही माझी विद्यार्थिनी, असं त्यांना शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटत होतं.

आज हेमालीच्या वाडीत एकशे चौदा माणसं आहेत. फाटलेलं दाखवा, ठिकाण नको, हा तिथला पहिला नियम. नवीन माणसाला आत घेण्याआधी हेमाली स्वतः फोन करते आणि तो वाचून दाखवते.