मुखपृष्ठावरचे अठ्ठावीस शुभेच्छुक

आमच्या नेर गावात चित्रकार दोनच. एक दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तो थकला. दुसरा इंद्रजित. तो थकत नाही, हेच दुःख आहे.

तीन वर्षांपासून तो बसस्टँडजवळच्या दुकानात वाढदिवसाचे फ्लेक्स बनवतो. यंदा उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात कॉमिक्स काढायचं खूळ शिरलं. प्रकाशक नको, संपादक नको. लिहिणार तोच, काढणार तोच, विकणार तोच. वाचणारही तोच, असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

नाव ‘पऱ्हाटीवीर’. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात वीज पडते अन् एका पोराच्या अंगात शक्ती येते. पानं सोळा. इंद्रजितला हात काढता येत नाहीत, बोटांची केळी होतात. म्हणून पऱ्हाटीवीराचे दोन्ही हात पहिल्या पानापासून खिशात. तसाच तो गुलाबी बोंडअळीशी लढतो. बोंडअळी मात्र झकास जमली आहे. तिला हातच नसतात.

त्याचे वडील बबनराव, त्यांचं कृषी केंद्र आहे. त्यांनी छापायच्या आधी पानं उलटीसुलटी करून पाहिली.

“हे पैसे देऊन कोण घेईन बे?”

“बाजारात पाह्यजा ना, बाबा.”

“पाह्यतो. पन्नास जणांनी इकत घेतलं त फ्लेक्स सोड, जे काढायचं ते काढ. नाही त दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं माह्या दुकानात बस.”

इंद्रजितनं छाती फुगवून शर्त मान्य केली अन् मुखपृष्ठ करायला बसला. तिथं पऱ्हाटीवीर एकटाच उभा होता, बाजूला सगळी मोकळी जागा. मोकळी जागा दिसली की फोटो बसवायचा, एवढंच त्याचं तीन वर्षांचं शिक्षण. त्यानं अठ्ठावीस मित्रांचे गोल फोटो लावले. कोणी गॉगलमध्ये, कोणी मोबाइल कानाला लावून. तिसऱ्या ओळीत मीही आहे. खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’. वर हात जोडलेल्या इंद्रजितचा मोठा फोटो. पऱ्हाटीवीर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

बाजाराचा दिवस उजाडला. नगरपरिषदेच्या निवडणुकीचे दिवस. कांदेवाला अन् चपलावाल्याच्या मधात इंद्रजितनं गठ्ठा मांडला. लोक आले, एकेक उचलून चालू लागले.

“काका, वीस रुपये!”

काका थांबले. “कोणत्या वार्डातून उभा हायेस?”

“उभा नाही, कॉमिक्स आहे हे.”

“प्रचाराचा कागद इकून राह्यला? मंग निवडून आल्यावर काय करशीन बे?”

दुपारी शुभेच्छुक आले. “माह्याच फोटोचे मी पैसे देऊ?” म्हणत प्रत्येकानं चार-चार प्रती नेल्या. एक घरी, एक मामाकडं, बाकीच्या अशाच. समोरच्या हॉटेलात बबनराव चहावर चहा पीत हे पाहत होते.

शेवटी एकच प्रत उरली. ती धुरपताबाईनं उचलली. तांड्यावरची म्हातारी; तिचा नातू बबलू पहिल्या ओळीत. तिनं कमरेची चंची सोडली अन् वीसची नोट इंद्रजितच्या हातात ठेवली.

इंद्रजित ताडकन उठला. नोट उंच धरून हॉटेलकडं ओरडला, “बाबा, पाह्यलं का?”

तेवढ्यात म्हातारीनं मुखपृष्ठ हलक्या हातानं फाडलं, चार घड्या करून चंचीत ठेवलं अन् उरलेली पानं त्याच्यापुढं धरली.

“हे ठेव बाप्पा तुह्यापाशी. आतमंदी बबलू नाही.”

दुसऱ्या दिवशी मी कृषी केंद्रात गेलो. इंद्रजित खताच्या पोत्यांमागं बसून पावतीपुस्तकाच्या पाठीवर काहीतरी आखत होता.

“मले चूक सापडली,” तो म्हणाला.

मला बरं वाटलं. “कोणती?”

“आत फोटो नव्हते. आता पानोपानी टाकतो. तुहा एखादा चांगला असन त पाठवजो.”

मी पाठवला. गॉगलवालाच.