न विचारता जेवायचं घर

दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक होऊ शकतो, हे मला लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. आमच्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट आणि उपासाला तर सगळा कुटाचाच कारभार. शिवाय मला स्वतःला जेवणानंतर मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा लागायचा. तो मिळाला नाही तर मी घरभर फुरंगटून फिरायचो, असं बायको सांगते. ती थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

मग मुलगी झाली. ती नुकती चालायला लागली होती. महाशिवरात्रीला मी तिला मांडीवर घेतलं आणि माझ्या ताटातली साबुदाण्याची खिचडी चमच्याच्या टोकावर घेऊन तिला भरवली. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बिबवेवाडीतून सुसाट निघालेली रिक्षा स्वारगेटच्या चौकात अडकली. मी खाली उतरून पुढच्या गाड्यांवर हात आपटत वाट मागत होतो आणि मागून बायको ओरडत होती, "अहो, ही डोळे मिटतेय!"

ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, "शेंगदाणा हिला विष आहे. एक दाणा नाही, अर्धा नाही, प्रसाद म्हणून तर अजिबात नाही." मग त्यांनी मोसंब्यात सुई टोचून इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं. बायको लगेच शिकली. माझा हात तेव्हाही थरथरत होता आणि आजही थरथरतो.

त्या काळात ॲलर्जी म्हणजे फार तर धुळीच्या शिंका, एवढंच लोकांना माहीत होतं. मी नुकताच हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो होतो. बायकोचे मामा म्हणाले, "शेंगदाण्याची ॲलर्जी? वा! हिंजवडीत नोकरी लागली की अमेरिकेतले आजारही सोबत मिळतात वाटतं." मी हसलो नाही. खरं तर त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं होतं.

दाणे घरातून गेले. तेल बदललं, मिक्सर बदलला, कुटाचा डबा बायकोनं सरळ टाकून दिला. चतुर्थीला ती रताळं खाऊन राहायला लागली. वांग्यांत, काकडीत सगळीकडे ओलं खोबरं पडायला लागलं. येणारे जाणारे विचारायचे, "तुम्ही मूळचे कोकणातले का?" आम्ही हो म्हणून मोकळे व्हायचो. खरं कारण सांगितलं की पुढं अर्धा तास सल्ले ऐकावे लागायचे.

बाहेर मात्र मुलीला सगळ्यांना विचारावंच लागायचं. बायकोनं तिला ते अगदी लहानपणी शिकवलं. कुणाच्या घरी ताटली पुढं आली की ती दोन्ही हात पाठीमागं घ्यायची, मान वर करायची आणि फार गोड, फार सभ्य आवाजात विचारायची, "काकू, यात काय काय घातलंय?" काही बायका कौतुकानं सांगायच्या. काहींच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई एकदा म्हणाल्या, "विष नाही हो घातलेलं, बाई." मुलीनं शांतपणे पुन्हा विचारलं, "पण दाणे घातलेत का?" त्या वेळी मला मुलीचा अभिमान वाटायला हवा होता. मला संकोच वाटला. लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हात पाठीमागं घेऊन विचारणारा तो आवाज घरात कधी ऐकू आला नाही. घरी ती ताटाकडे बघायचीसुद्धा नाही. डाव्या हातात गोष्टीचं पुस्तक, पुढं कधी मोबाइल, आणि उजव्या हातानं चाचपडत घास. बायको रागवायची, "अगं, काय खातेयस ते तरी बघ!" मी म्हणायचो, "खाऊ दे गं. अख्ख्या जगात एवढी एकच जागा आहे तिला, जिथं बघावं लागत नाही." हे मीच म्हणायचो, म्हणून ते आता जास्त टोचतं.

माझी सोय ऑफिसात होती. कँटीनच्या पोह्यांवर मी जादा दाणे मागून घ्यायचो. कंपनीची बस सुटायच्या आधी साबणानं हात धुवायचे, खळखळून चूळ भरायची आणि घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय तिला जवळ घ्यायचं नाही, असा नियम होता. ती दारात उभी राहून माझी अंघोळ व्हायची वाट बघायची. ते दाणे सोडून दिले असते तर मी काही मेलो नसतो. तरी सोडले नाहीत.

शिक्षण संपल्यावर तिला बंगळूरला नोकरी लागली. आम्ही तिला स्वारगेटला बसमध्ये बसवून दिलं. इंजेक्शनची पिशवी तिनं खिडकीतून आम्हाला हलवून दाखवली. बायको रडली, मीही रडलो. आणि घरी परत येताना कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात जाऊन मी पाव किलो शेंगदाणे मागितले. डोळे अजून ओले होते. हे लिहितानाही लाज वाटते.

कढईत दाणे तडतडायला लागले तशी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही कढई माझ्या डोक्यात घालणार. तिनं ताटली घेतली, मिठाचा डबा काढला आणि म्हणाली, "अजून थोडे भाजा, कच्चे राहिलेत." आम्ही दोघं जमिनीवर बसून गरम दाणे खात राहिलो. फार म्हणजे फार छान लागले.

सुरुवातीला आम्ही शिस्त पाळली. दाण्यांसाठी वेगळी कढई, मिक्सरचं वेगळं भांडं, वेगळा चमचा. मुलगी यायची असली की आठवडाभर आधी बायको सगळं माळ्यावर टाकायची, ओटा, कपाटं, डबे घासून घ्यायची. मुलगी यायची, मोबाइलमध्ये बघत जेवायची आणि जायची. तिला आम्ही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो. हळूहळू चमचे एकमेकांत मिसळले. कुटाचा डबा मिठाच्या शेजारी येऊन बसला. भाजीत खोबरं घालायचं आम्ही विसरून गेलो.

मागच्या हिवाळ्यात बायको साताऱ्याला बहिणीकडे गेली होती. सकाळी बेल वाजली. दारात मुलगी, पाठीवर बॅग. सुट्टीला सुट्टी जोडून न सांगता आली होती. "सरप्राइज!" म्हणून तिनं मला मिठीच मारली. मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको असं होऊन गेलं. "भूक लागलीय, बाबा. रात्रीपासून फक्त बिस्किटं खाल्लीत. आहे ते दे," ती म्हणाली. आदल्या संध्याकाळची भरली वांगी होती. मी ती गरम केली, पोळ्या घेतल्या आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. ठेवताना अगदी खूश होतो. माझ्या हातची वांगी तिला आवडतात, एवढंच डोक्यात होतं.

तिनं मोबाइलमधून मान वर न करता घास मोडला. तो ओठांना लागला आणि ती थांबली. वास घेतला. घास ताटात टाकून ती उठली आणि नळाखाली तोंड धुवायला लागली. मला तेव्हा कळलं. माझी नोकरीच दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची. ही मात्र मला दिसली नव्हती.

तिनं गोळी घेतली. इंजेक्शनची पिशवी उघडून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत ताठ बसून राहिली. ओठाची एक बाजू सुजली, हनुवटीवर लाल चट्टे आले. मी समोर बसून तिचा श्वास ऐकत होतो. सुई द्यायची वेळ आली तर माझा हात स्थिर राहणार नाही, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिनं सुई स्वतःच्या हाताशी ठेवली होती.

सूज हळूहळू उतरायला लागली. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"आजच," असं माझ्या तोंडात आलं होतं. पण म्हटलं, "तू गेलीस त्या दिवसापासून."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "ठीक आहे ना, बाबा. शेवटी घर तुमचंच आहे."

मी ओटा घासला, फरशी पुसली, कुटाचा डबा पिशवीत गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकून आलो. खाली जाऊन नवं पातेलं, नवा चमचा, डाळ-तांदळाची बंद पाकिटं घेऊन आलो. साधा वरण-भात केला. लिंबू चिरलं. ताट तिच्यापुढं ठेवलं.

तिनं मोबाइल बाजूला उलटा ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. ताटाकडे नीट बघितलं आणि मग मान वर करून, त्याच गोड, सभ्य आवाजात विचारलं, "बाबा, यात काय काय घातलंय?"

मी तिच्यासमोर उभा राहून सांगायला लागलो. तांदूळ. तुरीची डाळ. हळद. मीठ.