व्हाईटनरखालची अमेरिका: अवसरी ते मढ

दादा गेल्यावर मागे दोन चष्मे, एक कुकर आणि अमेरिकेच्या इतिहासावरची एक वही उरली. चष्मे आणि कुकर मी घरी आणले. वही त्याच्या कॉलेजातले थोरवे सर "फक्त दोन दिवस" म्हणून घेऊन गेले, त्याला आता वर्ष होत आलं. दादा तरुणपणी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला, अवसरी बुद्रुकला खोली घेऊन राहिला, जवळच्या कॉलेजात इतिहास शिकवला, लग्न केलं नाही. तो फोन करायचा, पण पत्र कधी लिहिलं नाही. त्याच्या हातचं माझ्याकडे काहीच नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आधी ती वही आणायची, एवढंच ठरवून निघालो.

या बाजूला यायचं असेल तर पुण्याहून नारायणगावकडे जाणारी एसटी पहाटेच पकडा. उशीर केलात तर चाकणला इतका वेळ उभे राहाल की तिथल्या मतदार यादीत तुमचं नाव लागेल. मंचरला उतरून अवसरीला शेअर रिक्षा मिळते. ती "लगेच" निघते, म्हणजे बसायला अजिबात जागा उरली नाही की. वाटेत प्रत्येक चौकात फ्लेक्स आहेत. त्यांवर विकास झाल्याबद्दल अभिनंदन केलेलं असतं, आणि आपण त्याच वेळी खड्ड्यात असतो.

थोरवे सरांनी वही लगेच काढून दिली. मला बरं वाटलं.

"तुमच्या बंधूंच्या नोट्स मी बऱ्याच सुधारल्यात," ते म्हणाले.

वही उघडली. अक्षर दादाचंच होतं, पण पानापानावर व्हाईटनरचे पांढरे चट्टे होते. काही ठिकाणी चार-चार ओळी गायब.

"हे काय?"

"विनोद होते हो. मुलं मुद्दे सोडून तेवढेच पाठ करायची आणि पेपरात लिहायची. अमेरिकेनं फिलिपिन्सला स्पेनच्या तावडीतून सोडवलं, म्हणजे शेळी बिबट्याच्या तोंडातून काढली आणि स्वतःच्या पातेल्यात घातली. एका मुलानं हे जसंच्या तसं लिहिलं. आता पेपर तपासणाऱ्यानं काय करायचं?"

"मग मार्क दिले का त्यांनी?"

"दिले. पण प्रश्न तो नाही."

वहीत तीन भाग होते. पहिल्यात अमेरिकेतल्या सुधारणा: कारखान्यातली लहान मुलं, बायकांचं मत, दारूबंदी. दुसऱ्यात समुद्रापलीकडचा विस्तार. तिसऱ्यात पहिलं महायुद्ध. दादाच्या म्हणण्याप्रमाणे हा देश घरी सुधारणा करता करता दुसऱ्यांच्या घरीही सुधारणा करायला गेला, आणि त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. थोरवे सर हा धडा नीट शिकलेले दिसत होते. मी त्यांना तसं म्हणालो नाही. मी कुणालाच काही म्हणत नाही.

फक्त विचारलं, "सुधारणेच्या आधीची प्रत असेल का कुठं?"

"वारूळवाडीला झेरॉक्स काढल्या होत्या पहिल्यांदा. तिथं बघा."

वारूळवाडी म्हणजे नारायणगावच. दोन्हींमधली हद्द ग्रामपंचायतीशिवाय कुणाला दिसत नाही. आधी जेवून घेतलं. मासवडी नक्की खा. नावात मास असलं तरी बेसन, तीळ आणि खोबरं असतं. रस्सा मात्र डोळ्यातून पाणी काढतो. मला ते सोयीचं पडलं.

झेरॉक्सवाले शेठ मूळचे राजस्थानचे, तिसरी पिढी इथं. दादाचं नाव काढताच त्यांनी मशीन बंद केलं.

"सरांची अमेरिका? भाऊ, ती इथून ओतूरला गेली, आळेफाट्याला गेली, जुन्नरला गेली. एकाची प्रत बघून दुसरा यायचा. आता एकबी शिल्लक नाय."

"एकही नाही?"

"मढला सविता म्हणून पोरगी हाय, सरांचीच विद्यार्थिनी. रोडला चहाचं हॉटेल चालवते. तिनं जपली असंल. तलाठ्याच्या परीक्षेला बसतीय."

मढला जायला आळेफाट्याहून माळशेजकडची गाडी धरा. घाटात सेल्फी काढायला निघालेली मंडळी सोबत असतात, त्यामुळे उभं राहायची तयारी ठेवा. सविताचं हॉटेल थांब्यासमोरच आहे. चहा चांगला, भजी त्याहून चांगली. मी तिला सांगितलं की मी सरांचा भाऊ.

तिनं हातातला झारा खाली ठेवला. "धाकले का?"

"हो."

"म्हंजी ते तटस्थ तुमीच!" ती आत वळून ओरडली, "आई, पुस्तकातलं माणूस आलंय!"

"कुठल्या पुस्तकातलं?" आतून आवाज आला.

"अमेरिकेच्या!"

"मग चहा दे त्याला."

तिनं फळीवरून जाडजूड गठ्ठा काढला, पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. महायुद्धाचा भाग. थोरवे सरांनी दिलेल्या वहीत या जागी सगळ्यात मोठा चट्टा होता. दादानं लिहिलं होतं:

"तटस्थता म्हणजे काय? आमच्या घरी भांडण झाले की माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात बसून पेपर वाचतो, ती. अमेरिकाही जवळजवळ तीन वर्षे तशीच बसली. युद्धापासून दूर ठेवले म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्षाने निवडणूक जिंकली आणि पाच महिन्यांत तोच युद्धात उतरला. मधल्या काळात देशाने माल विकून पैसा केला. माझ्या भावाला तेही जमले नाही. (हे पेपरात लिहू नये.)"

"लई जणांनी लिवलंय पेपरात," सविता म्हणाली. "मीबी. कंसासकट."

मी हसलो. मग चहा गार होईपर्यंत ते पान बघत बसलो.

"न्या की ही, काका. तुमचीच हाय."

"परीक्षा आहे ना तुझी? राहू दे." मी मोबाईलवर फोटो काढले. भजीचे पैसे तिनं घेतले नाहीत, त्यावरून आमची थोडी ओढाताण झाली आणि मी हरलो.

दोन दिवसांत, साताठशे रुपयांत ही फेरी होते. माळशेजचे धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यात जा, इतिहास बघायचा असेल तर कधीही.

घरी आल्यावर बायकोला ते पान वाचून दाखवलं. ती जरा जास्तच वेळ हसली. दोन तालुक्यांत ज्यांनी बीए केलं त्यांना मी माहीत होतो. मला मात्र आत्ता कळलं. वहीतला व्हाईटनर खरवडून बघितला, त्याबरोबर शाईही निघायला लागली, म्हणून सोडून दिलं.

वडिलांनी दादाला घराबाहेर जा म्हटलं, तेव्हा मी खरंच पेपर वाचत होतो. चूक दादाची नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पेपरात काय होतं ते आज आठवत नाही. दादा दारात चपला घालत होता, आणि त्याला जेवढा वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा त्यानं जास्त लावला, हे आठवतं.