कुलपातला संडास

संडास घरचा, पण पाहुण्यांसाठी. घरच्यांनी बाहेरच जायचं, नाहीतर खड्डा भरेल. आणि यावर प्रश्न विचारायचा नाही.

मी बारावीत असताना रामाकोन्याजवळच्या आमच्या गावी, आमच्या अंगणात सरकारी योजनेतून संडास बांधला गेला. त्याच दिवशी मोठ्या बाबांनी हा नियम केला. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द. खड्डा भरायच्या आधी किस्सेच इतके साचले की मैत्रिणी जमल्या की मला दुसरं काही बोलूच देत नाहीत.

*

संडासाला कुलूप आणि चावी मोठ्या बाबांच्या बंडीच्या खिशात. एवढी पक्की खोली रिकामी ठेवायची कशाला, म्हणून आत संत्र्यांचे कॅरेट.

दोन वर्षांनी एक साहेब पाहणीला आले. "इस्तेमाल तो करते हो ना?"

"आतून पाहा साहेब, फरशीला एक डाग नाही," मोठे बाबा अभिमानानं म्हणाले आणि कुलूप काढलं.

छतापर्यंत कॅरेट. साहेबांनी विचारलं, मग हे वापरतं कोण?

"सध्या संत्री."

*

ताईचं लग्न झालं आणि भाऊजी पहिल्यांदा चार दिवस राहायला आले. कॅरेट बाहेर निघाले. पहिल्या दिवशी मोठ्या बाबांनी चावी मानानं हातात दिली. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसून लक्ष ठेवायला लागले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला हळूच म्हणाले, "वांग्याची भाजी बंद कर. माणूस दिवसातून तीनदा जाऊन राहिला."

भाऊजींच्या ताटात दहीभात आला. संध्याकाळच्या बसनं ते सौंसरला परत गेले. ताईला म्हणाले, माणसं चांगली आहेत तुझ्या घरची, पण चावी मागताना तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं.

*

हा किस्सा हसायचा नाही.

पांढुर्ण्याच्या होस्टेलमध्ये तीन वर्षं काढून, बीएस्सी होऊन मी घरी आले तेव्हा वहिनीला, म्हणजे मोठ्या बाबांच्या सुनेला, सातवा महिना होता. ती दुपारनंतर पाणी प्यायची नाही. संध्याकाळी अर्धी भाकर. अवेळी जावं लागू नये म्हणून. एका पहाटे नाल्याच्या काठावर तिचा पाय घसरला. मी दंड धरला म्हणून वाचली. कोपर सोललं, हातातला डबा घरंगळत खाली गेला. वाटेत ती एवढंच बोलली, "मोठ्या बाबांना सांगू नका, ताई."

मी सांगितलं नाही. घरी येऊन पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला तुटलं.

मोठे बाबा तोंडात कडुनिंबाची काडी घेऊनच धावत आले. "खड्डा भरते मंग कोण उपसन?"

"मी उपसीन."

ते हसले. साक्षीदार हवा म्हणून कुंपणापलीकडच्या पाटील काकांना हाक मारली. "ऐकलं का पाटील? पदवीधर पोट्टी खड्डा उपसते म्हणे!"

*

त्याच दिवशी मोठे बाबा सौंसरच्या बाजारातून नवं, दुप्पट जाड कुलूप घेऊन आले. दार आतून बंद. त्यांनी बरंच खाकरून पाहिलं. कोण आहे आत?

आत मोठी आई होती. त्यांची बायको. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नवऱ्यापुढे आवाज म्हणून चढवला नव्हता तिनं.

"कुलूप आणलं आहे," मोठे बाबा म्हणाले.

"लावा. मी आतच हाय."

संडासातले कॅरेट आता मागच्या खोलीत, आणि ते कुलूप त्या खोलीला.

*

खड्डा एकदाचा भरला. पण खड्डे दोन असतात. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला दीड वर्ष झाकून ठेवायचा. योजनेच्या कागदावर हे चित्रासकट होतं. मोठ्या बाबांनी नुसती सही केली होती.

दीड वर्ष झाल्यावर त्यांनी मला न विचारता सुखदेवभाऊंना बोलावणं धाडलं. सुखदेवभाऊ आमची संत्री उतरवतात. ते अंगणात उभे राहिले, काम ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "संत्री उतरवतो, मोठे बाबा. हे काम माझ्या बापानंही नाही केलं. खड्डा तुमचा आहे."

ते गेले. मी ओढणी कमरेला बांधली, हातमोजे चढवले, फावडं घेतलं. पाटील काका नाकाला रुमाल लावून कुंपणाशी उभे. मी झाकण सरकवलं. वासाची वाट बघून बघून काकांनी रुमाल स्वतःच खाली घेतला. आत चहाच्या पत्तीसारखी काळी, भुसभुशीत, कोरडी माती! काका रुमाल खिशात कोंबून घरी गेले. ते गेल्यावर मी ती माती कुंपणाजवळच्या, वाळत चाललेल्या संत्र्याच्या झाडाला घातली.

*

पुढच्या बहाराला ते झाड फळांनी वाकलं. वहिनीची पोरगी तोवर अंगणवाडीत जायला लागली होती.

एका दुपारी पाटील काका आणि आणखी दोन म्हातारे ओसरीवर बसले होते. बोलणं काकांच्या घरच्या संडासाचं. त्यांचा खड्डा भरत आला होता. कुलूप आणून ठेवलंय, काका म्हणाले, उद्यापासून सुना बाहेर जातील. मोठ्या बाबांनी मान डोलावली आणि संत्र्यांची टोपली पुढे केली.

चौथं संत्रं सोलताना काका म्हणाले, "साखर आहे रे भाऊ! खत कोणतं टाकलं?"

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पांढुर्ण्याहून आणलं." मग आवाज उतरवून मला म्हणाले, "तू आत जा, पोरी."

"नाही जात," मी म्हटलं. "काका, खत घरचंच आहे. त्या खड्ड्यातलं. मोठ्या आईचं, वहिनीचं आणि माझं."

पाटील काकांच्या गालात फोड तशीच राहिली.

आतून वहिनी आली आणि टोपली त्यांच्यापुढे आणखी थोडी सरकवली.