मारोतीची तारीख

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. अब्बांना सांगितली नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काय, ते मलाही धड सांगता येणार नाही.

मी सलीम. ढाणकीचा. आठवीत शाळा सोडली. आज मुंबईत एका बातम्यांच्या चॅनलमध्ये पाहुण्यांच्या कॉलरला माइक लावतो. ही नोकरी मॅडमनी दिली — टीव्हीवर समोरच्याला बोलू देत नाहीत, त्याच मॅडम. त्याआधी त्या यवतमाळला वकील होत्या आणि मी त्यांचा मुनशी. अर्ज लिहायला त्यांनीच शिकवलं. बहिणीच्या लग्नाला ढाणकीपर्यंत आल्या, अब्बांच्या शेजारी बसून जेवल्या. त्यांच्याबद्दल वाईट बोललो तर माझी जीभ झडो. आणि यातलं वाईट त्यांचं नाहीच — माझं आहे.

मारोती नावाचा त्यांचा एक पक्षकार होता. झरी जामणीकडच्या जंगलातला कोलाम आदिवासी. सागवान चोरल्याची केस. मॅडमनी त्याला जामीन मिळवून दिला होता. अट एवढीच, की दर तारखेला हजर राहायचं. त्याच्या वस्तीवर फोन लागत नसे. म्हणून तारीख पडली की मी चिठ्ठी लिहून झरीच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचो. तो ती फाट्यावरच्या चहावाल्याकडे टाकायचा, तिथून ती मारोतीला पोचायची. एवढंच काम. यात चुकण्यासारखं काय आहे?

पण मागच्या खेपेला कंडक्टर साऱ्या बससमोर म्हणाला होता, "आले का वकीलसाहेब! मले पोस्टमन समजून राह्यला का बे?" लोक हसले. मीही हसलो. हसलो खरा, पण —

मारोतीची पुढची तारीख पडली. चिठ्ठी घेऊन स्टँडवर गेलो, तर तोच कंडक्टर होता. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा राहिलो, चिठ्ठी हातात घेऊन. बस भरली. घंटी वाजली. गेली. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलोच नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा सांगितलं — दिली.

मारोती तारखेला आला नाही. वॉरंट निघालं, पोलिसांनी त्याला कामावरून उचललं.

त्याची बायको ऑफिसात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "बाई, आमाले तारीख कोनी सांगतलीच नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सलीम, चिठ्ठी दिली होतीस ना?"

"हो मॅडम. कंडक्टरच्या हातात दिली."

ती बाई माझ्याकडे वळली. "मंग थो इसरला असन, भाऊ." भाऊ म्हणाली मला.

मॅडमना खरं वाटलं ते माझं. तारीख कळूनही मारोती पळाला, असं त्यांनी धरलं. त्यांनी तिचे कागद परत केले, दुसरा वकील पाहा म्हणाल्या. दुसरा कुठून आणणार होती ती? सरकारकडून एक मिळाला, तोवर मारोतीचे तुरुंगात सात महिने गेले. तेवढ्यात मारोतीची आई वारली. तिच्या मातीला त्याला आणलं नाही. पुढे तो निर्दोष सुटला. सुटला म्हणजे काय, ते मला विचारू नका.

मॅडम मग चॅनलवर कायद्याच्या चर्चेला जाऊ लागल्या. बोलणं धारदार. वर्षभरात अँकरची खुर्ची मिळाली, काळा कोट सुटला. जाताना मला सोबत नेलं. जामिनाचा विषय निघाला की त्या म्हणतात, "मी वकिली केली आहे. जामीन मिळाला की ही माणसं कशी पळतात, ते मी स्वतः भोगलंय." त्यांच्या सगळ्या वकिलीत पळालेला माणूस एकच. आणि तो पळालाच नव्हता. हे वाक्य किती घरांत ऐकलं जातं? त्यावरून किती जणांना लोक चोर ठरवतात? मी कॅमेऱ्यामागे उभा असतो.

मागच्या आठवड्यात एका पाहुण्यानं अडवलं — एक तरी नाव सांगा. मॅडमनी सांगितलं. मारोती, झरीचा. देशभर.

ब्रेकमध्ये त्यांचा माइक नीट करायला मी वाकलो, तर हळूच म्हणाल्या, "आठवतो ना रे तुला तो? किती धावपळ केलीस त्याच्यासाठी."

"हो मॅडम," म्हणालो.

मारोती पळाला नव्हता. त्याला तारीख मी कळवली नाही, आणि कळवली असं सांगितलं. तेव्हाही, आणि मागच्या आठवड्यातही.