गंगाधर भावजींचं लकीली

लिही लवू, गंगाधर भावजींचं सांगते. चिंचपोकळीला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मिलमध्ये क्लार्क, म्हणून तोंडात इंग्लिश. त्यातला एक शब्द भारी लाडका, लकीली. नळाला पाणी आलं, लकीली. डास चावला नाही, लकीली.

संपात मिल बंद पडली, भावजी घरी बसले. तरी दोन्ही वेळा ताटात गरम भात. कसं चाललंय विचारलं तर पेपर खाली न करता म्हणायचे, "लकीली, काही कमी नाही."

ते लकीली पहाटे उठून स्टो पेटवायचं. त्याचं नाव सुभद्रा, त्यांची बायको. खानावळ काढलेली तिने. स्टेशनाजवळच्या, संप नसलेल्या कारखान्यांतली माणसं जेवायला यायची. तेवढा वेळ भावजी गॅलरीत उभे, पाहुण्यासारखे.

मग त्यांच्या बकुळाला लोअर परळचं स्थळ आलं. मुलगा पोरीच्या मनात भरलेला. भावजींनी बायकोला बजावलं, "खानावळीचं बोलू नकोस. क्लार्कची बायको लोकांना वाढते कळलं तर स्थळ जाईल." आणि सगळी मोठी पातेली माझ्या खोलीत आणायला लावली. मी पाय कुठे पसरायचे, ते लकीली ठरणार असेल.

मुलाची आई सोनूबाई आणि मामा आले. भावजींचं सुरू, संपात लकीली कसं निभावलं. सुभद्रा पोहे वाढत होती. मामा म्हणाले, "बस वहिनी. आता रात्री पण जेवायला नको."

हिच्या तोंडून सवयीने गेलं, "मग रात्रीचा खाडा धरू?"

खानावळीत एखाद्या वेळेला जेवला नाही तर तो खाडा. मेलं जिभेवरच बसलेलं. बकुळाचा चेहरा पडला.

सोनूबाईंनी बशी खाली ठेवली. "खानावळ आहे तुमची?"

"छे हो, लकीली आमच्यावर तशी वेळ..."

"आहे," सुभद्रा म्हणाली.

"माझी पण होती गो. संपात जेवणारी सगळी माणसं गावाला गेली. तुला कुठून मिळाली? पातेली दाखव बघू."

दोघी माझ्या खोलीत आल्या, आणि पातेल्यांमध्ये बसूनच लग्न ठरवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी भावजी गॅलरीभर सांगत होते, "लकीली विहीणबाई पण खानावळवाल्याच निघाल्या." सुभद्राने जेवायला हाक मारली. पुढ्यात रिकामं ताट.

"हे काय?"

"बसा. पडेल लकीली." आणि बाकीच्यांना वाढत पुढे गेली. "नाहीतर रात्रीच्या भाताचं मोठं पातेलं अजून शेजारी आहे. घेऊन या, मग वाढते."

आले हो माझ्याकडे. उचललं, आणि दारातच टेकवलं.

"वहिनी," मला विचारतात, "हे रिकामं पण एवढं जड असतं?"