वच्छलाची दोन वयं

“ॲओर्टिक स्टेनोसिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयातून रक्त बाहेर पडताना जी झडप उघडते, ती कडक होऊन आकसली आहे. माझी बायको वच्छला शेजारी पदराने घाम पुसत बसली होती. जिना चढताना धाप लागते, दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून परभणीत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली होती. तिथल्या डॉक्टरांनीच आम्हाला संभाजीनगरला पाठवलं. रक्त कमी असेल, गोळ्या देतील, अशा समजुतीत मी होतो.

“झडप बदलावी लागेल, आणि लवकर. वय किती बाईंचं?”

“एकसष्ट,” मी आधार कार्डावरचं सांगितलं.

“कागदावरचं नको, खरं सांगा. पासष्टच्या आत असेल तर बहुधा धातूची झडप बसवतो. ती जास्त टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. वय त्यापुढचं असेल तर जनावराच्या ऊतीची बसवतो.”

वच्छलाने सांगून टाकलं. “बहात्तरच्या दुष्काळात मी आईसंगं खडी फोडायला जात होते, साहेब. चांगली तेरा-चौदा वर्षांची होते. तुमीच करा हिशोब.”

डॉक्टरांनी हिशोब केला आणि केसपेपरवर सदुसष्ट लिहिलं.

आमच्याकडच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. आमच्या पिढीत जन्मतारीख ही गुरुजींनी द्यायची गोष्ट होती. मला शाळेत घालताना त्यांनी एक जून लिहिली, म्हणून मी एकतीस मेला निवृत्त झालो आणि माझ्याबरोबर त्याच दिवशी कितीतरी मास्तर हार घालून घरी गेले. वच्छला शाळेत गेलीच नाही. आमच्या गावात, बोरीच्या विहारात आधारचा कॅम्प लागला तेव्हा तिथल्या माणसाने वय विचारलं, ही हसून “काय की बाबा” म्हणाली. त्याने चेहरा बघून साल टाकलं आणि एक जानेवारी ठोकून दिली. त्या कार्डावर ती सोनपेठच्या आपल्या धाकट्या भावाहूनही लहान आहे. यावर घरात आम्ही पोट धरून हसलो होतो.

निवृत्तीनंतर बँकेतून घेतलेली एक छोटी पॉलिसी होती. मोठ्या आजाराला ती पुरणार नाही हे कळत होतं, म्हणून वर टॉप-अप घ्यायचं ठरवलं. टॉप-अप म्हणजे पहिल्या पॉलिसीची मर्यादा ओलांडली की वरच्या खर्चाला उभी राहणारी दुसरी पॉलिसी. मी गणिताचा मास्तर. तीन कंपन्यांचे कागद पसरून बसलो. खोलीभाड्याची अट पाहिली, जुन्या आजारांसाठी किती वर्षं थांबायचं ते पाहिलं, बारीक अक्षर भिंगातून वाचलं. एजंट आधार कार्ड बघून खूश झाला. “काकू साठीच्या आतल्या हायत सर, तपासणीची भानगडच न्हाई.” मीही खूश झालो. एवढं सगळं तपासलं आणि बायकोचं वय तेवढं तपासलं नाही.

हॉस्पिटलातल्या विम्याच्या खिडकीवर तीच गोष्ट नडली. केसपेपरवर सदुसष्ट, पॉलिसीवर एकसष्ट. तिथली मुलगी हळू आवाजात म्हणाली, “सर, डॉक्टरांकडून वय आधारप्रमाणे करून आणा ना. नाहीतर क्वेरी लागेल.” क्वेरी म्हणजे कंपनी शंका काढते आणि उत्तर मिळेपर्यंत मंजुरी अडते. मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “मी सदुसष्टच्या बाईला एकसष्टची समजून कापू का?” मी मान खाली घालून परत आलो.

क्वेरी लागली. जन्माचा पुरावा मागितला. ज्या बाईच्या जन्माचा साक्षीदार फक्त दुष्काळ, तिचा पुरावा आणायचा कुठून? ती धाकट्या भावाहून मोठी आहे हे दाखवायला मेव्हण्याचा शाळेचा दाखला पाठवला, ग्रामपंचायतीचं पत्र पाठवलं. मोबाईलवर रोज तोच संदेश यायचा, आपली विनंती प्रक्रियेत आहे. वाचून इतका संताप यायचा की फोन भिंतीवर आपटावा. खिडकीवरचे लोक म्हणायचे, परवापर्यंत होईल. असे कितीतरी परवा गेले. मी मात्र विश्वास ठेवून थांबलो.

त्या थांबण्यात तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. त्याला पल्मनरी एडिमा म्हणतात. तिला आडवं होता येईना, उशांना टेकून बसल्या बसल्या ती श्वास ओढायची. मग मी कंपनीचा नाद सोडला, निवृत्तीची ठेव मोडली आणि ऑपरेशनला सही केली.

झडप बसली, ऊतीचीच. पण हृदयाचा स्नायू तोवर थकून गेला होता. “पंप कमजोर झालाय,” डॉक्टर म्हणाले. “आधी झालं असतं तर एवढं झालं नसतं.” ती आता खोलीतल्या खोलीत चालते. अंघोळ केली की तासभर पडून राहावं लागतं.

कंपनीचं उत्तर नंतर आलं. खरं वय कळलं असतं तर पॉलिसीआधी वैद्यकीय तपासणी घ्यावी लागली असती, म्हणून दावा नामंजूर. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, पैशासाठी नव्हे. ती तपासणी झाली असती तर कुणीतरी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला असता. अशा झडपेचा आवाज कानाला कळतो, हे मला आता माहीत आहे.

जे निवृत्त होताय, टॉप-अप शोधताय, त्यांना एवढंच सांगतो. हप्ता आणि सवलत नंतर बघा. आधी घरातल्या बाईचं वय तिलाच विचारा, आधार दुरुस्त करून घ्या आणि विमावाल्यांनी सूट दिली तरी तपासणी मागून घ्या. ज्या डॉक्टरांनी कागदापुढे वाकायचं नाकारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वच्छलाने एकदा विचारलं, “अवो, मी खरं बोलले त्याच्यानं झालं का हे समदं?”

“नाही,” मी म्हणालो. “तू बोललीस म्हणून योग्य झडप बसली.”

तिला ते पटलेलं नाही. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी साधंच विचारलं, “आजी, रात्री धाप लागते का?” उत्तर द्यायच्या आधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय सांगितलेलं चालेल म्हणून.